शिट्टी

रविवार, ९ मार्च

प्रिय ठमे,

आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, मी लक्ष देत नाही. जावईबापूंचा खोकला सिगारेट सोडली की जाईल. माझं नाव घेऊन सांग.

त्यांच्याकडून कळलं, मी दोन वाक्यांत फोन ठेवते म्हणून तू रडतेस. तू दूर गेलीस याचा मला अजून राग आहे, असं तुला वाटतं. राग असता तर तोंडावर सांगितला असता.

खरं म्हणजे फोनवर बारीक शिट्टी येत होती आणि तिच्यात तुझं बोलणं बुडत होतं. मला वाटलं, मी फोनला जोडलेल्या स्पीकरचाच दोष. चार्जरच्या विजेचा गोंगाट फार उंच पट्टीत असतो. तारेतून आत शिरतो आणि स्पीकरमधून शिट्टी होऊन निघतो. त्यावर उपाय फेराइटचा मणी. काळा, हरभऱ्याएवढा. तार त्यातून ओवली की गोंगाट मण्यातच जिरतो. पण दिसेल तो मणी चालत नाही. गोंगाटाची पट्टी कोणती, तारेतून करंट किती, हे पाहूनच निवडायचा. नोकरीत मी हाताखालच्या पोरांना हेच दरडावून शिकवलं.

एक लावला, मग दुसऱ्या जातीचा, मग मोठा. पार्टवाला म्हणाला, "बाई, माळ ओवताय का?"

शिट्टी तशीच. शेवटी चार्जर काढला, स्पीकर काढला, फोन बंद करून कपाटात ठेवला आणि टेबलाशी बसले.

शिट्टी येतच होती.

आयुष्यभर लोकांना सांगत आले, आधी प्लग काढून बघा. स्वतः ते सगळ्यात शेवटी केलं. का, ते तू समजून घे.

कानाचे डॉक्टर म्हणाले, दोन्ही कानांचं ऐकणं उतरलंय, उंच पट्टी आधी गेली, शिट्टी बहुधा राहील. मी तपासणीचे आकडे मागितले. ते हसले, पण दिले. तुझा बारीक आवाज बराचसा त्याच पट्टीत येतो. परवा तू बराच वेळ काही सांगत होतीस. मी "बरं, बरं" म्हणाले आणि लाइन खराब आहे सांगून फोन ठेवला. काय सांगत होतीस?

कानातलं मशीन पुढच्या महिन्यात मिळेल. तोवर फोन करू नकोस. सुट्टी मिळाली तर ये. खिडकीपाशी दोन खुर्च्या ठेवल्या आहेत. तिथे उजेड चांगला येतो, ओठ दिसतात.

लाइन कधीच खराब नव्हती.

तुझी,
आई