वारशाचा पत्रा

५ सप्टेंबर २०१६, सोमवार. ओस्टेंड

एकसष्टाव्या वर्षी मी पुन्हा नोकरीला लागले, आणि तीही विमानांच्या कंपनीत, ह्यावर कोर्ट्रेकच्या शाळेतल्या आमच्या बायकांचा अजून विश्वास बसत नाहीये. पस्तीस वर्षं पोरांना इतिहास शिकवला, आता चार जम्बो विमानांचा लिहायचा. स्टेशनवर फिरमिन, माझा धाकटा भाऊ, घ्यायला आला होता. दोन बॅगा बघून म्हणाला, ताई, दीड महिन्याचं काम आहे, तू तर संसार थाटायला आल्यासारखी आलीस. मग बंदरावर कोळंबीचे क्रोकेट खाऊ घातले. तेल ताजं होतं, टेबल पुसलेलं होतं. ह्या दोन गोष्टी मी आधी बघते, चव नंतर.

फिरमिन इथे वेस्टहिंडर मालवाहू कंपनीत मुख्य मेकॅनिक. कंपनी आता एकाच जम्बोवर आली आहे, आणि तेही ऑक्टोबरात भंगारात निघणार. त्याआधी पुस्तक काढावं असं मॅनेजर गुथाल्स साहेबांच्या मनात आलं, तेव्हा ह्याने सांगितलं म्हणे की माझी ताई लिहील, दुसऱ्याच्या वहीत चूक सापडल्याशिवाय तिला जेवण जात नाही. खोली छान आहे. बासष्ट खोकी कागदपत्रं, सगळी तारीखवार, आणि खिडकीतून हँगर दिसतो. विमानासोबत फिरमिनही निवृत्त होतोय. मग मी इथेच त्याच्या घरी राहायचं ठरलंय. वहिनी गेल्यापासून तो एकटाच आहे आणि मी तर कायमचीच एकटी. म्हाताऱ्या भावाबहिणीने भांडत राहायला ओस्टेंडसारखं गाव नाही.

८ सप्टेंबर

मजा येतेय. चारही विमानांना आपल्या किनाऱ्यासमोरच्या वाळूच्या बांधांची नावं आहेत: क्विंट, राटेल, ओस्टडिक आणि आता उरलेलं स्ट्रोम. क्विंट १९८५ साली आलं. स्वागताला नाकाचा दरवाजा वर उचलला, तो काही केल्या खाली येईना, आणि महापौरांनी वेळ काढायला तेच भाषण दोनदा केलं. पुढे क्विंटने शर्यतीचे घोडे नेले, फुलं नेली, एकदा अख्खं चर्चचं ऑर्गन नेलं. असल्या गोष्टींनी पुस्तक भरून जाईल.

दुपारी फिरमिनने स्ट्रोम आतून दाखवलं. एवढं मोठं पोट, आत माणूस नाही, खुर्ची नाही, नुसत्या माल सरकवायच्या लोखंडी रुळ्या आणि खाली पत्र्यांची जमीन. तिथे मागच्या बाजूला वास आला. बंदरावर शिंपले उकडतात ते पाणी बादलीत तीन दिवस तसंच ठेवावं, तसा. त्यात काहीतरी गोडूस. मी रुमाल नाकाला लावला. फिरमिन म्हणाला, जनावरं नेतो ताई, अत्तराची बाटली नाहीये ही. एका पत्र्याला मात्र तो वळसा घालून गेला. एकतीस नंबर. मी विचारलं, तर म्हणाला सवय आहे.

१३ सप्टेंबर

आज हँगरमधला एक शब्द शिकले. जुनं विमान मोडीत निघालं की त्यातले चांगले भाग काढून दुसऱ्या विमानाला लावतात. अशा भागाला हे लोक ‘वारसा’ म्हणतात. आणि वारशाचा नियम असा, की तो धुवायचा नाही आणि वजनाला लावायचा नाही. मी म्हटलं, शी, हा कुठला नियम. फिरमिनने समजावलं की धुतलं किंवा तोललं की तपासणीचे नवे कागद करावे लागतात, त्यात भाग नापास झाला तर विमान आठवडाभर जागेवर बसतं. म्हणून चिठ्ठी बांधायची, लावून टाकायचं. त्याच्या उस्तादाने त्याला असंच शिकवलं, त्याच्या उस्तादाला आणखी कुणी.

आळशी माणसांनी आळसाला दिलेलं गोंडस नाव, दुसरं काय. इतकी वर्षं घाण एका विमानातून दुसऱ्यात नेत राहिले आणि म्हणे वारसा.

एकतीस नंबरचा पत्रा चारही विमानांत बसलेला आहे. क्विंटमधून राटेलमध्ये, तिथून ओस्टडिक, तिथून स्ट्रोम. चिठ्ठ्या आहेत सगळ्या.

१९ सप्टेंबर

जेवण गेलं नाही. १९८८ च्या खोक्यात डुकरांचा अहवाल सापडला.

क्विंटमधून दोनशे दहा डुकरं चालली होती. वाटेत हवा खेळवणारं यंत्र बंद पडलं. उतरल्यावर नाकाचा दरवाजा उघडला तर आत एकही जिवंत नव्हतं, आणि उन्हात ती फुटायला लागली होती. पुढचं मी इथे लिहीत नाही. घोट्यापर्यंत होतं, एवढंच. जनावरांसोबत गेलेल्या रोजे नावाच्या राखणदाराला जमीन साफ करायला लावली. संध्याकाळी माणसं मोजली तेव्हा रोजे नव्हता. कामाला कंटाळून पळाला, असा शेरा आहे. त्याचे बूट एकतीस नंबरच्या पत्र्यावर सापडले. बूट सोडून कोण पळतं?

त्यानंतरच्या प्रत्येक वर्षी कुणी ना कुणी वासाची तक्रार लिहिलीय आणि खाली तेच उत्तर, दोष आढळला नाही. २००९ मध्ये एकाने लिहिलंय, पत्र्याला खालून केस आहेत. त्यालाही उत्तर तेच. वाचून दोनदा हात धुतले.

२२ सप्टेंबर

विमानाला दर काही वर्षांनी काट्यावर चढवतात. म्हातारपणी विमानाचं वजन थोडं वाढतंच, रंग, धूळ, ओल. फिरमिन म्हणतो आपलंही तसंच. पण मी चारही विमानांचे तक्ते शेजारी शेजारी मांडले.

रोजे गेल्यावर क्विंट एकोणऐंशी किलोंनी जड झालं. पत्रा काढला त्या वर्षी क्विंट हलकं झालं आणि राटेल जड. १९९९ साली राटेलमधून नोएल नावाचा हमाल नाहीसा झाला. अडुसष्ट किलो वाढले. २००८ साली ओस्टडिकमधून ज्यूल नावाचा मेकॅनिक गेला, एक्क्याण्णव. स्ट्रोममध्ये पत्रा बसवताना नोंद आहे: चौघांनी उचलला. एरवी असला पत्रा एका बाईने काखेत मारावा, अकरा किलोंचा.

मी लिहिताना अंग चोरून बसलेय. किळस वाटते. भीती नाही, किळस. त्या पत्र्याने खाल्लंय.

रात्री जेवताना फिरमिनला सांगितलं. हसेल वाटलं होतं. तो काटा खाली ठेवून म्हणाला, ताई, आम्ही त्याच्यावर पाय देत नाही आणि त्याच्याबद्दल बोलत नाही. तूही बोलू नकोस.

२६ सप्टेंबर

मी बोलले. गुथाल्स साहेबांना तक्ते दाखवले. ते म्हणाले, बाई, तुम्ही पुस्तक लिहा, डिटेक्टिव्ह होऊ नका. वर सांगितलं की परदेशातल्या एका कंपनीने जमिनीचे पत्रे मागितलेत, एकतीस नंबरसकट. चार तारखेला पेटी जाणार.

म्हणजे ही घाण आता दुसऱ्यांच्या गळ्यात. तिकडचं कुणीतरी बिचारं मरणार. संध्याकाळी मी फिरमिनला धरून बसले. म्हटलं, तुमच्या त्या नियमाच्या आडच हे सगळं वाढलंय. एकदा काट्यावर घाल, एकदा स्वच्छ धू, नवे कागद होऊ देत, नापास झाला की आपोआप भट्टीत जाईल. तो नाही नाही म्हणत होता. मी म्हटलं, निवृत्त होताना एक तरी काम नीट कर.

पस्तीस वर्षं पोरांना जो आवाज लावला तोच लावला. तो हो म्हणाला.

२८ सप्टेंबर

चौघांनी पत्रा काढून हँगरच्या कोपऱ्यात काट्यावर ठेवला. दोनशे एकोणपन्नास किलो. मी आकडेमोड आधीच करून गेले होते, अकरा अधिक तिघं. बरोबर तेवढाच.

खालची बाजू पाहिली. केस आहेत. पांढरे राठ डुकराचे आणि मध्ये मध्ये काळे, मऊ. पत्रा धातूचा आहे पण बोट लावलं तिथे खळगा पडला आणि सावकाश भरून आला. बोटाला चिकट लागलं, कोमट. मी बाहेर जाऊन ओकले.

साहेब म्हणाले काटा बिघडलाय. उद्या फिरमिन धुणार. धुतल्यावर तपासणीस येईल.

२९ सप्टेंबर, सकाळ

साडेनऊ. फिरमिन बादली, ब्रश घेऊन गेला. जाताना म्हणाला, ताई, दुपारी शिंपले करू, पण भांडं तू घास. खिडकीतून दिसतोय तो, गुडघ्यावर बसलाय. मी ज्यूलचं खोकं उघडते तोवर.

सव्वादहा—

ज्यूलच्या शेवटच्या कामाचा कागद. शेवटची ओळ: पत्रा ३१ धुतला.

नोएलचाही काढला. वरिष्ठाशी उलट बोलला म्हणून शिक्षा. शिक्षा काय, तर पत्रा ३१ धुणे.

रोजेला जमीन साफ करायला लावली होती.

आळस नव्हता तो. नियम होता. कुणीतरी शहाण्याने ठरवलेला, कारण विसरलं तरी पाळलेला, आणि मी—

खिडकीतून तो दिसत नाहीये.

२९, दुपार

बादली आहे. ब्रश आहे. पाण्यावर फेस आहे अजून. बूट पत्र्यावर, नाड्या बांधलेल्या, आत मोजे.

मी हाका मारल्या. सगळ्यांनी मारल्या.

१ ऑक्टोबर

पोलीस म्हणतात, बायको गेलेला माणूस, निवृत्तीला आलेला, समुद्र दहा मिनिटांवर. अनवाणी गेला असेल. मला पाणी प्यायला दिलं. पेला मळका होता आणि मी प्यायले.

पत्रा पुन्हा काट्यावर घाला म्हणून पाया पडले. घातला. तीनशे तेहेतीस.

चौऱ्याऐंशी वाढले. फिरमिनचा ऑगस्टमधल्या डॉक्टरी तपासणीचा कागद आणून बघितला. चौऱ्याऐंशी.

मी पाठवलं त्याला. माझ्या तोंडाने.

३ ऑक्टोबर

तपासणीस आलाच नाही. साहेबांनी रद्द केलं, उद्या पेटी जाणारच. मी ओरडले की तो माझा भाऊ आहे. साहेब खूप सौम्य बोलले. माझ्या खांद्यावर हात ठेवला त्यांनी.

भट्टीत घाला म्हणून मीच सांगत होते ना. आता भट्टीत कसा घालू. आणि पेटीत बंद करून कुठल्या देशात, कुणाच्या पायाखाली, वरून घोडे जाणार, त्यांचं सगळं त्याच्या अंगावर—

४ ऑक्टोबर, सकाळ

दहा वाजलेत. पेटी भरणारे अकराला येतील. हँगरमध्ये बसलेय, पत्र्यापाशी, जमिनीवरच.

वास तोच. नाकाला रुमाल लावला, मग काढला. भावासमोर रुमाल कसला.

खालून हात घातला. केसांमध्ये आता खुंट आहेत, आखूड, करडे. दोन दिवस दाढी न केल्यावर असायचे तसे. माझ्या सख्ख्या भावाची मला किळस येते, हे लिहून ठेवते, खोटं कशाला.

वरती सगळं चिकट झालंय. फेस वाळलाय, त्यावर धूळ बसलीय. अर्धाच धुतला होता त्याने.

लहानपणी आंघोळ मीच घालायची त्याला. डोळ्यांत साबण गेला की भोकाड पसरायचा.

असा नाही पाठवणार. असा घाणेरडा, परक्या माणसांत—

पाणी आणलं. कोमट केलंय.

मला माहीत आहे धुतलं की काय होतं. मलाच तर माहीत आहे.

किळस गेलेली नाही. डावा हात पाण्यात आहे, उजवा कोरडा ठेवलाय लिहायला. ब्रश नको, टोचेल त्याला, हातानेच—कडेची घाण निघतेय. खाली मऊ लागतंय. तळव्याला काहीतरी—बोटं. माझ्या बोटांत बोटं घालतोय, गच्च—

सोड म्हणत नाहीये मी. डोळे मीट रे, साबण जाईल, आणि थोडा सरक, मला जागा