गादीतला जटाळ्या

१२ ऑगस्ट १९७४, सोमवार

काल पुन्हा शेजारच्या क्लोटिल्दच्या गाडीतून ड्राइव्ह-इनला, गाडीत बसूनच सिनेमा बघायला. पुन्हा दलदलीतल्या भुताचाच सिनेमा. नवरा आला नाही, ओव्हीद कधीच येत नाही. या वेळच्या भुताच्या पाठीवरची चेन स्पष्ट दिसत होती, आणि एकदा पळता पळता त्याचा पंजाच गळून पडला. क्लोटिल्द म्हणाली, "पैसे परत मागू या." मला चेन खुपत नाही. धुकं असतं, पाणी हलत नाही, सायप्रसच्या झाडांवरून राखाडी शेवाळ लोंबत असतं आणि कोणीतरी झाडामागे उभं आहे हे आपल्याला माहीत असतं. मला ती वाट बघणंच आवडतं. भूत पूर्ण दिसलं की जरा वाईट वाटतं, बिचाऱ्याचं आता काही खरं नाही असं.

शिवाय पडद्यावर आमच्या मागच्या दारी असतं तसंच पाणी. एरवी इतक्या मोठ्या पडद्यावर आमची दलदल कोण दाखवणार?

१९ ऑगस्ट

श्रीव्हपोर्टहून एक माणूस आलाय — प्रेंटिस. एरवी गाड्यांच्या जाहिराती करतो, आता सिनेमा काढतोय. आमच्या जटाळ्यावर, इथल्या दलदलीतल्या भुतावर! नट आणणं परवडत नाही, म्हणून ज्यांनी पाहिलं त्यांनीच स्वतःचं काम करायचं. आणि पाहिलंय फक्त ओव्हीदने.

ओव्हीद जाळं विणत होता. प्रेंटिस तासभर बोलला. शेवटी ओव्हीद म्हणाला, "त्या गोष्टीला तेवीस वर्षं झाली, साहेब."

"म्हणून तर, काका. मुरलीय ती."

ओव्हीदने माझ्याकडे पाहिलं. मी भाताचं झाकण काढून बघितलं, उगाचच. मग तो म्हणाला, "बरं. करू."

तो हो म्हणेल असं मी धरलंच नव्हतं. आता गाव त्याची करतं ती थट्टा पडद्यावर जाणार. पंचवीस फूट उंच.

२१ ऑगस्ट

झोप नाही. हे कुठेतरी लिहायला हवं, नाहीतर मी उद्या क्लोटिल्दसमोर बरळेन.

जटाळ्या मी होते.

त्या साली शेवाळाला गादीवाल्यांकडून चांगली मागणी होती, पण जवळपासची झाडं सगळ्यांनी ओरबाडून नेलेली. शेवाळ उरलं होतं फक्त लाकूड कंपनीच्या हद्दीत. तिथे पाटी, आणि बंदूकवाला राखणदार. तो शेवाळचोर शोधत फिरायचा. ओव्हीदने मला शपथ घातली होती, तिकडे जायचं नाही. मी त्याला सांगायचे, बहिणीकडे गाद्या भरायला जाते — आणि पहाटे कंपनीच्या हद्दीत शिरायचे. त्या दिवशी होडी चिखलात रुतली. मग सगळं ओलं शेवाळ डोक्यावर, खांद्यावर, कमरेला गुंडाळून कमरेएवढ्या पाण्यातून चालत निघाले. मी मुळातच उंच, पाच फूट अकरा. धुकं होतं. समोर होडीत ओव्हीद. त्याने तोंड उघडलं, मग एकदम किंचाळला, "भूत! पळा! भूत!" आणि होडी वळवून गेला. मी शेवाळाच्या आत तशीच उभी.

घरी येऊन सांगणार होते. पण तोवर त्याने गावभर सांगितलं होतं. आठवड्यात रेडिओवाले आले. राखणदाराने तेव्हापासून तिकडे पाऊल टाकलं नाही, ते मला माझं नशीब वाटलं. आज सांगते, उद्या सांगते करत राहिले.

आणि लोकांनी त्याला सोडलं नाही. शनिवारच्या नाचाला तो अकॉर्डियन, ती गळ्यात अडकवायची पेटी, वाजवायचा, सगळ्या तालुक्यात तसा हात नव्हता. वाजवायला बसला की मागून कोणीतरी गुरगुरायचं. मग दुसरा. मग सगळे. दोन वर्षं सोसलं, मग ती पेटी पलंगाखाली गेली. ती अजून तिथेच आहे. त्याने चकार शब्द काढला नाही, आणि मीही.

चित्रीकरणाआधी सांगायचंच. नाहीतर सिनेमा लागल्यावर तो मरेपर्यंत गुरगुरणं ऐकणार.

२६ ऑगस्ट

नाही सांगितलं.

२७ ऑगस्ट

भुताच्या कपड्याचा घोळ! भूत होणारा हार्लन, जुन्या गाड्या विकणारा, सव्वासहा फूट. या शहरी लोकांनी झाडाखाली पडलेलं कच्चं शेवाळ गोळा करून तसंच त्याच्या लांब चड्डीवर शिवलं. कोणी विचारलं का आम्हाला? तसल्या शेवाळात तांबडे किडे असतात. दुपारपर्यंत हार्लन अंगभर लाल, कुंपणाला पाठ घासत ओरडत होता, "माझ्या आईला फोन करा!" शेवाळ ढीग घालून, पाणी मारून महिनादीड महिना कुजवावं लागतं. वरची साल गळून आतला काळा दोरा उरला की मग ते अंगाला लावायचं. प्रेंटिस म्हणाला, "माझ्याकडे दीड महिना नाही, बाई. दीड आठवडा आहे."

तयार काळं शेवाळ गावात आता एकाच ठिकाणी आहे. आमच्या गादीत.

मी म्हटलं, देते. का म्हटलं, देव जाणे. ओव्हीदने स्वतः गादी उचलून अंगणात आणली, शिवण उसवायला मदत केली. हे त्याच सकाळचं शेवाळ. मीच भरलेलं. तेवीस वर्षं तो माणूस त्या भुतावर झोपतोय!

उसवताना म्हणाला, "अजून किती चिवट आहे बघ."

तेव्हा सांगता आलं असतं. सुई शोधायला घरात गेले.

२९ ऑगस्ट

जमिनीवर झोपतोय. त्याची पाठ, माझे गुडघे. दोघेही कुरकुरतो. कपडा झाला तयार. खुंटीला टांगलाय, वाऱ्याने जरा हलतो. मी त्याच्याकडे बघत कॉफी पिते. भीती वाटत नाही, जुनी मैत्रीण आल्यासारखं वाटतं.

३ सप्टेंबर

हार्लनच्या पायांना खाजवून खाजवून पू झालाय. उभं राहवत नाही. प्रेंटिस कपाळाला हात लावून बसला. कपडा कोणाला होईना. मग क्लोटिल्द म्हणाली, "युलालीला घाला की. तिच्यापुढे आमचे पुरुष बुटके."

सगळे हसले. ओव्हीद नाही. म्हणाला, "होईल तिला."

दुपारचे दोन. कॅमेऱ्यावर काळी काच लावून ते दिवसाची पहाट करतात. धुरासाठी टायर जाळला. मी कपडा घालून त्याच जुन्या जागी कमरेएवढ्या पाण्यात, झाडाआड. डोळ्यांपुढे काळे दोरे, त्यांतून हिरवा उजेड. नाकात तोच जुना वास. मला खरंच कळेना, मी त्रेपन्नची की तिशीची. पाणी अजिबात हलत नव्हतं. वाटलं, इथेच उभं राहावं, कोणी शोधू नये, कोणी पकडू नये. सिनेमातल्या सगळ्या भुतांना बहुतेक एवढंच हवं असतं.

ओव्हीद होडीतून आला. त्याने किंचाळायचं, होडी वळवायची, पळायचं. आवाज नंतर भरणार होते.

त्याने वल्हं आडवं ठेवलं. टोपी काढली. माझ्याकडे नुसता बघत राहिला.

"पळा, काका! पळा!" प्रेंटिस काठावरून ओरडतोय.

ओव्हीद हळूच, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला, "डाव्या बाजूला खड्डा आहे. जपून."

मग किंचाळला, होडी वळवली आणि गेला. प्रेंटिस खूश. म्हणे, टोपीमुळे अंगावर काटा आला.

खड्डा आहे डाव्या बाजूला. त्याच सकाळी मी त्यात पडले होते, त्याची होडी गेल्यावर. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

४ सप्टेंबर

विचारलं. कॉफी ढवळत म्हणाला, "तेव्हाही तेच सांगायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात तुझ्यामागे राखणदार दिसला, बंदूक खांद्याला लावलेला. मग भूत भूत ओरडलो. आधी तोच पळाला."

मी रडले. तो म्हणाला, "प्रेंटिसला सांगू नकोस, सिनेमा बिघडेल," आणि वाकून पलंगाखालून पेटी ओढली.