धाकट्या जावेवर माझा पहिल्यापासून संशय

४ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. कारण माझी मतं वाया जातात. सिनेमा आणि पुस्तकांबद्दल मी दिवसभर पेशंटना जे सांगतो, ते सगळं लाळ ओढणाऱ्या सक्शनच्या नळीतून वाहून जातं. कुठेतरी नोंद हवी.

समोरच्या इमारतीत नवा डेंटिस्ट आलाय. माझे काही पेशंट तिकडे वळले. कारण उघड आहे. त्याच्याकडे पार्किंग आहे. बाकी माणूस घुम्या. काम करताना अवाक्षर काढत नाही म्हणे. ज्या माणसाच्या तोंडात ड्रिल चालू आहे त्याला विचारांचा आधार लागतो, हे याला कोण सांगणार? माझ्या खुर्चीतला माणूस तोंड उघडतो ते दातासाठी, पण मिटतो तेव्हा त्याच्या अभिरुचीत भर पडलेली असते. इतक्या वर्षांत एकाही पेशंटने खुर्चीत बसून माझं मत खोडून काढलेलं नाही.

संकल्प: सध्या जो तो वाचतोय ती रहस्यकादंबरी पूर्ण करायची. पन्नास पानं झाली आहेत. मत तयार आहे, पण पूर्ण केलेली बरी.

५ मार्च, संध्याकाळ
मुलीच्या शाळेतल्या गणिताच्या बाई आल्या होत्या. खालची दाढ, रूट कॅनालचं दुसरं सिटिंग. पर्समधून तीच कादंबरी डोकावत होती, बरोबर मध्यावर खूण घातलेली. मला भरून आलं. इंजेक्शनने जबडा बधिर होईपर्यंत मी कथानक मांडलं. एका कुटुंबाचं हॉटेल, थोरला भाऊ कोल्ड स्टोरेजमध्ये मेलेला सापडतो, घरातल्या सगळ्यांवर संशय. मग ड्रिल सुरू केलं आणि सांगितलं की खून धाकट्या जावेने केलाय. नुसतं सांगितलं नाही, सिद्ध केलं. पहिल्याच प्रकरणात ती थंडी नसताना दोनदा हातमोजे घालते. याहून काय हवं?

बाईंचे डोळे विस्फारले. दोन्ही हात वर गेले. आं आं असा आवाजही झाला. इतका उत्कट प्रतिसाद क्वचित मिळतो. त्या भरात मी त्या घराच्या डेंटिस्टबद्दलही बोललो. अख्ख्या कादंबरीत तेवढा एकच माणूस सरळ आहे. मोजकं बोलतो, सगळ्यांना धीर देतो. आपल्या पेशाला साहित्यात एवढा मान क्वचितच मिळाला असेल.

टेंपररी फिलिंग भरलं. शेवटचं सिटिंग सोमवारी. बाई जाताना एक शब्द बोलल्या नाहीत. भारावल्या होत्या. सिस्टर म्हणाली, सर, त्या मला रागावलेल्या वाटल्या. सिस्टरला एक्स-रे वाचता येतात, चेहरे येत नाहीत.

७ मार्च
गाजणारा सिनेमा बघायला चल म्हणून बायकोला म्हटलं. तिने तो मैत्रिणींबरोबर आधीच पाहिलाय असं निघालं. मला का नाही सांगितलंस, विचारलं. तर म्हणे, अहो, तुमच्याबरोबर गेलं की पडद्यावरची माणसं नुसती तोंड हलवताना दिसतात, आवाज तुमचाच येतो.

एकटा गेलो. उत्तरार्ध पडतो. ते पूर्वार्धातच कळत होतं, म्हणून इंटरव्हलला निघून आलो. बायको म्हणाली, खरी गोष्ट इंटरव्हलनंतरच आहे. हे झालं सामान्य प्रेक्षकाचं मत.

कादंबरी: पान पन्नास. उद्यापासून रोज वीस.

११ मार्च, सोमवार
बाई आल्या नाहीत. परीक्षांचे दिवस आहेत, पेपर तपासत असतील. पण टेंपररी फिलिंग म्हणजे टेंपररी. फार तर पंधरवडा तग धरेल.

कादंबरी: पान पन्नास. डोळ्यांना विश्रांती.

१२ मार्च
सिस्टरने बाईंच्या घरी फोन केला. त्यांच्या यजमानांनी उचलला आणि बाई घरी नाहीत म्हणून सांगितलं. मागून बाईंचाच आवाज आला म्हणे, की सांगा मी घरी नाही. मी म्हटलं, दुसऱ्या कुणाचा असेल. सिस्टर म्हणाली, आवाजाने मला सातचा पाढा आठवला, सर. ती त्यांचीच विद्यार्थिनी.

१४ मार्च
पेशंट टिकवायचे तर आपलं वेगळेपण ठसवलं पाहिजे. वेटिंग रूममध्ये कादंबरीच्या दोन प्रती ठेवल्या. वर पाटी लावली: 'यातील दंतवैद्याचे पात्र प्रत्येकाने अभ्यासावे. आम्ही याच आदर्शाने काम करतो.' खाली माझं नाव, डिग्री.

विमा एजंट दात साफ करायला आला होता. त्याने पाटी वाचली, मग माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा पाटी वाचली. म्हणाला, साहेब, तुम्ही ही पूर्ण... मी म्हटलं, आ करा. पुढे अर्धा तास मी त्या पात्राच्या नैतिक उंचीवर बोललो. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. खांदेही हलत होते. साहित्याची ताकद ही अशी असते.

१७ मार्च, रविवार
वाचनालयात गेलो. ग्रंथपाल बाई हळहळत होत्या. गणिताच्या बाईंनी कादंबरी अर्धी वाचून परत केली. कुणीतरी मेल्याने खुनी कोण ते सांगून टाकलं. चार महिने रांगेत थांबून हातात आलेलं पुस्तक, आणि आता उघडवत नाही म्हणाल्या. पुढचा नंबर ज्यांचा ते गावाला गेलेत, म्हणून पुस्तक अजून कपाटातच आहे.

मी संतापलो. काउंटरवर हात आपटून सांगितलं की असल्या माणसांना वाचनालयाची पायरी चढू देऊ नये. वाचकाचं कुतूहल ही त्याची खाजगी मालमत्ता आहे, ती लुटणारा दरोडेखोरच. वर्तमानपत्रं वाचणारी चार माणसं वळून बघत होती. ग्रंथपाल बाई मात्र माझ्याकडे एकटक बघत राहिल्या. माझ्या बोलण्याचा असा परिणाम होतो.

१८ मार्च
सिस्टरला हा किस्सा सांगितला. ती बराच वेळ ट्रेमधली हत्यारं नीट लावत बसली. मग म्हणाली, सर, ते तुम्हीच होतात. पाच तारखेला. मी सक्शन धरून उभी होते.

मी तिला समजावलं की मी शेवट सांगितला नाही, मत सांगितलं. शेवट सांगायला तो माहीत असावा लागतो. ती म्हणाली, हे बाईंना ठाऊक आहे का?

कादंबरी: हात लावला नाही.

१९ मार्च
जेवण गेलं नाही. त्या दाढेचं एक मूळ आकड्यासारखं वाकडं होतं. त्यातून वाट काढायला मला सगळं कसब लागलं. तसं काम माझ्या हातून पुन्हा होईल असं वाटत नाही. वरचं फिलिंग आता झिजलं असणार. एकदा लाळ आत शिरली की सगळं मुसळ केरात, दाढ काढूनच टाकावी लागेल.

बायको म्हणाली, अहो, मग जा ना त्यांच्या घरी. मी म्हटलं, डॉक्टर पेशंटच्या दारात जात नसतो. ती म्हणाली, बरं. तिच्या या 'बरं'नंतर घरात फार वेळ बसवत नाही.

२० मार्च, बुधवार
गेलो. बाईंनी दार उघडलं, पण साखळी काढली नाही. फटीतून अर्धा चेहरा दिसत होता, सुदैवाने दाढेच्या बाजूचा. गाल किंचित वर आलाय. चावताना ठणकते म्हणाल्या, पण शनिवारी समोरच्या डॉक्टरांकडे वेळ घेतलीय.

मी दाढेची बाजू मांडली. मुळाचा आकार हवेत काढून दाखवला. शनिवारपर्यंत थांबू नका म्हणालो. बाई शांतपणे म्हणाल्या, माझी दाढ तुम्हाला आतपर्यंत दिसते, डॉक्टर. माझी दीडशे पानं उरली होती, ती दिसली नाहीत?

यावर माझ्याकडे चार मुद्दे होते. पण शनिवार फार लांब होता. मी म्हटलं, बाई, मी पन्नासच पानं वाचलीत. खून कोणी केला, मला ठाऊक नाही.

मग त्यांनी विचारलं, म्हणजे धाकटी जाऊ? मी म्हटलं, तो माझा अभ्यास होता. बाई गाल धरून हसायला लागल्या. हसताना आई गं, आई गं करत होत्या, पण थांबेनात. साखळी निघाली. आतून यजमान विचारत होते काय झालं, तर त्या ओरडल्या, अहो, पळत जा आणि वाचनालयातून माझं पुस्तक घेऊन या, कुणी न्यायच्या आत!

परवा येते म्हणाल्या, पण एका अटीवर. सिनेमा नाही, पुस्तक नाही, हवापाणीसुद्धा नाही. 'आ करा' एवढं चालेल.

मान्य केलं. मौन हा मोठ्या वक्त्यांचा जुनाच अभ्यास आहे.

२२ मार्च, शुक्रवार
फिलिंगचा एक कोपरा उडाला होता, पण आत सगळं कोरडं. वाचलो. म्हणजे दाढ वाचली.

'आ करा' म्हणालो आणि तोंड मिटलं. पहिली काही मिनिटं फार वाईट गेली. त्या सिनेमाच्या उत्तरार्धावर एक वाक्य ओठांपर्यंत आलं होतं. सिस्टरने माझ्याकडे बघून मास्क वर ओढायची खूण केली. नंतर नंतर ते वाकडं मूळ आणि मी, एवढंच उरलं. ड्रिल थांबलं की घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. माझ्या क्लिनिकमध्ये घड्याळ आहे हे मी विसरलोच होतो. मध्ये बघितलं तर बाईंचा डोळा लागलेला.

झाल्यावर त्या उठल्या, चूळ भरली, आणि म्हणाल्या, तुमचा हात इतका हलका आहे हे मला कळलंच नव्हतं. सिस्टर उगाचच ट्रे पुसत राहिली.

इतकी वर्षं मी या खुर्चीशेजारी जे काही बोललो, त्याबद्दल कुणी एवढं चांगलं बोललेलं नाही. हे मला आवडलं की लागलं, ठरवतोय.

कादंबरी त्यांनी कालच रात्री संपवली म्हणे. मी विचारलं, मग कोण निघालं? त्यांच्या तोंडाची एकच बाजू हसत होती. म्हणाल्या, ते मी कशी सांगेन? फक्त बाहेरची पाटी तेवढी काढा.

२४ मार्च, रविवार
पाटी का काढायची, हे समजून घेण्यासाठी कादंबरी पूर्ण केली. एका बैठकीत. बायको दोनदा डोकावून गेली, बरं नाही का विचारायला.

खून डेंटिस्टने केला.

थंड डोक्याने, आणि वर सगळ्यांना धीर देत. धाकट्या जावेचा हात एक्झिमाने फुटलेला असतो, म्हणून हातमोजे. शेवट अजिबात पटत नाही. लेखकाला आपल्या पेशाची काडीची माहिती नाही. क्लिनिक उघडून पाटी काढून आलो.

२५ मार्च, सोमवार
वेटिंग रूम बऱ्यापैकी भरलेली. बाईंनी स्टाफरूममध्ये काही सांगितलेलं दिसतंय. दोन शिक्षिका, एक शिपाई. सगळ्यांनी सिस्टरला हळूच विचारलं म्हणे, की डॉक्टर आता खरंच बोलत नाहीत ना?

दुपारी विमा एजंट आला. मागे साफ केलेल्यातलाच एक दात किडलाय. त्याने आ केला. मी आरसा हातात घेतला आणि त्या शेवटातली मूलभूत चूक त्याला समजावून सांगायला तोंड उघडलं.

त्याने त्याचं मिटलं.

मिटलेल्या तोंडात डेंटिस्टला काही करता येत नाही.

मी माझं मिटलं. मग त्याने उघडलं.