कोटाची घडी कोणी मोडायची

आई, तुला आवडणार नाही अशाच गोष्टीने सुरुवात करते. तुझी नात पुढच्या आठवड्यात पोलंडला शिकायला चालली आहे, आणि तिच्यासाठी मी कोट आणला आहे तो जुना आहे. जुना म्हणजे आपल्या घरातला जुना नव्हे. बुडापेस्टच्या एका दुकानातून घेतलेला, आधी कोणीतरी घातलेला. कोणी ते मला माहीत नाही आणि कळायचा काही मार्गही नाही. गडद हिरव्या लोकरीचा, गुडघ्यापर्यंत येणारा, आतून साटीनचं अस्तर असलेला. इथल्या मॉलमध्ये नवा असा कोट घ्यायचा तर पोरीच्या विमानाच्या तिकिटाएवढे पैसे गेले असते.

तू गेल्यावर मला फिरायची सवय लागली, हे तुला ठाऊक नाही. अंधेरीच्या ऑफिसातली एक मैत्रीण आहे, ती आणि मी दोन-तीन वर्षांनी एकदा पैसे साठवून बाहेर पडतो. स्वस्तातलं तिकीट, एका खोलीत आठ खाटा असलेलं हॉस्टेल, बॅगेत थेपले आणि चटणीची पुडी. फिरणाऱ्या बायका मोठ्या दुकानांच्या काचेपुढे उभ्या राहून फोटो काढतात, आम्ही गल्ल्यांमध्ये शिरून जुन्या कपड्यांची दुकानं हुडकतो. बुडापेस्टला तर कपडे किलोवर मिळतात, आई. कांदे-बटाट्यांसारखे. ढिगातून उचलायचे, काट्यावर टाकायचे. तू असतीस तर त्या काट्यावर पहिला संशय घेतला असतास आणि दुकानातल्या बाईशी मालवणीत भाव करायला बसली असतीस. मला तिथली भाषा येत नाही, पण त्या ढिगापुढे मी कधी बावरत नाही. कपडा हातात आला की आधी उलटा करते. शिवण बघते, काखेचा वास घेते, कोपरं उजेडात धरते, चेन दोनदा वरखाली करते. मैत्रीण हसते, म्हणते तू पापलेट घेतल्यासारखे कपडे घेतेस. घेतलेला एकही कपडा आजवर फसवा निघाला नाही. माझ्या कपाटातलं जे जे लोक ऑफिसात वळून बघतात, ते सगळं असं कोणी ना कोणी आधी घातलेलं आहे. कोणी विचारलं तर मी सांगते, आणि सांगताना मला लाज वाटत नाही.

आणि हे सगळं मी तुझी मुलगी असून करते. घाटकोपरच्या चाळीतली आपली खोली आठवते तुला? तू लोकांच्या साड्यांना फॉल लावायचीस. खाटेवर साड्यांची चळत, तू जमिनीवर पाय पसरून बसलेली, तोंडात दोरा. त्या साड्यांमधली एखादी खांद्यावर टाकून आरशात बघायचीही आम्हाला बंदी होती. मी बारा-तेरा वर्षांची असेन. समोरच्या बिल्डिंगमधल्या तुझ्या एका गिऱ्हाईकबाईने तिच्या मुलीला आखूड झालेला मखमली फ्रॉक मला दिला. जांभळा, गळ्याला लेस. मी तिथेच घातला आणि घरी पळत आले. तू चुलीपाशी बांगडे तळते आहेस. मागे वळून बघतेस, झारा खाली ठेवतेस, आणि एवढंच म्हणतेस की काढ. ओरडली असतीस तर बरं झालं असतं. तो फ्रॉक तू धुतलास, वाळवलास, इस्त्री केलास आणि दुसऱ्या दिवशी डबाभर नारळाच्या वड्यांसोबत माझ्याच हाताने परत पाठवलास. मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. तू वेणी घालताना माझं डोकं घट्ट धरून म्हणालीस, "आमका कोणाचा उतरलेला नको." मला तेव्हा तुझा भयंकर राग आला होता. आज तो राग नाही, पण तुझं म्हणणं मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही.

कारण दुसरीही एक गोष्ट मी त्याच घरात बघत होते. वर्षातून एकदा, दिवाळीला, तुला नवी साडी यायची. तू तिला फॉल लावायचीस, कोपऱ्याला कुंकू लावून देवापुढे ठेवायचीस, आणि मग स्वतः नेसायची नाहीस. पिशवीत घालून, मला बरोबर घेऊन बसने मुलुंडला मावशीकडे जायचीस. घडी मोडायला. लोक साडीची घडी मोडायला जावेला देतात, नणंदेला देतात, हळदीकुंकवातल्या शेजारणीला देतात. तू द्यायचीस ती तुझ्या धाकट्या बहिणीला, जिचा नवरा लग्नानंतर चौथ्याच वर्षी गेला होता आणि जिला सणासुदीच्या कार्याला कोणी बोलवत नव्हतं. मावशी दर वर्षी नको नको म्हणायची. तू दर वर्षी ऐकायची नाहीस. ती तुझी नवी साडी नेसून दिवसभर घरात वावरायची, फराळ करायची, दारात उभी राहायची. संध्याकाळी आपण ती साडी घेऊन परत यायचो आणि पाडव्याला तू ती नेसायचीस. एकदा खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तुला जिन्यात अडवून विचारलं होतं, सणाची साडी, आणि पहिल्यांदा तिला? मी तुझ्या मागे उभी होते. तू पिशवी या हातातून त्या हातात घेतलीस आणि म्हणालीस, "साडी माझी, भैण माझी. तुमचा काय जाता?" काकू पुढे कितीतरी दिवस फॉल लावायला साड्या दुसरीकडे टाकत होत्या, आणि तुला त्याचं काही वाटलं नाही.

तर आई, तुझी एकही नवी साडी तू पहिल्यांदा नेसलेली नाहीस. हे मी तुला तोंडावर कधी म्हटलं नाही, कारण माझ्या डोक्यात ते आलंच मागच्या रविवारी.

रविवारी मावशी जेवायला आली होती. आता आम्ही दोघी मुलुंडलाच आहोत, चार गल्ल्यांचं अंतर. ती ऐंशीला टेकली आहे, गुडघे दुखतात, पण जिभेला काही झालेलं नाही. जेवण झाल्यावर तुझ्या नातीने मोठ्या कौतुकाने कोट दाखवायला आणला. मावशीने बाहीवरून हात फिरवला, लोकर चांगली आहे म्हणाली, आणि मग कोणाचो ह्यो म्हणून विचारलं. पोरीने सरळ सांगून टाकलं की सेकंडहँड आहे, झकास आहे ना. मावशीने हात काढून घेतला. म्हणाली, मेलेल्या बाईचो असतलो. पोर पहिल्यांदा परक्या देशात एकटी राहायला चालली आणि तिच्या अंगावर असला कपडा घालून पाठवतेस? मी समजावलं. धुलाईला दिला होता, अस्तर नवं असल्यासारखं आहे, तिकडे हे सगळे करतात. मावशी ऐकून घेत होती. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझी आवस आसती, तर हो कोट उंबऱ्याच्या आत इलो नसतो."

मला राग आला आणि रागातच मी विचारलं, मावशी, आईच्या साड्या पहिल्यांदा कोण नेसायचं? तिच्या साड्या आयुष्यभर दुसऱ्या बाईने नेसलेल्याच होत्या ना? मला वाटलं आता ती गप्प बसेल. ती शांतपणे म्हणाली, "ता येगळा. मी तिची भैण. ही कोण?"

खरंच, कोट आधी घातलेली ही कोण, हे मी कुठून सांगणार? पोरीने आमच्या दोघींकडे बघितलं. म्हणाली, राहू दे, मी तिकडे जाऊन घेईन काहीतरी. शिक्षणाच्या कर्जावर चाललेली मुलगी तिकडे जाऊन काय घेणार हे मला कळत होतं, मावशीलाही कळत होतं. पोर कोटाच्या बाह्या आत दुमडून त्याची घडी घालत बसली, चेहरा खाली घालून. मी चहा टाकायला आत गेले. तुझ्यावर चिडले होते मी, खरं सांगते. एवढ्या वर्षांनी पुन्हा त्या मखमली फ्रॉकपाशी आणून उभं केलंस असं वाटलं, आणि या वेळी माझ्याऐवजी माझी पोर होती.

चहा घेऊन बाहेर आले तर मावशी उभी राहिली होती. हात पुढे करून पोरीला म्हणत होती, हाड हय तो. पोरीने कोट दिला. मावशीने साडीवरून तो अंगात चढवला. एक हात बाहीत अडकला, पोरीने सोडवला. पदर गळ्याशी ओढून घेतला, बटणं एकेक करत शेवटपर्यंत लावली, आणि सप्टेंबरच्या त्या घामट दुपारी खुर्चीत बसून माझ्याकडे चहासाठी हात केला. तिने चहात बटर बुडवून खाल्लं, अख्खा कप संपवला, दाराशी जाऊन आली, गॅलरीत उभी राहून खाली भाजीवाल्याला हाक मारली. भाजीवाल्याने वर बघितलं आणि बघतच राहिला. कपाळावरून घाम गळत होता तरी पंखा मोठा करू दिला नाही तिने. मग कोट काढला, झटकला, पोरीच्या खांद्यावर टाकला आणि म्हणाली, "घे गो. कोणी इचारला कोणाचो, तर सांग, आजयेचो."

पोर तिला बिलगली. मी कप उचलून आत गेले, कारण मला रडू आलं होतं. कोट आता तिच्या बॅगेत सगळ्यात वर आहे.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. दुकानातली बाई मला पुन्हा पुन्हा म्हणत होती की अंगात घालून बघ. मैत्रीणही म्हणाली, अगं घाल ना, तुझं आणि पोरीचं माप एकच आहे. मी नुसता खांद्याला लावून बघितला. परत येताना बॅगेचं वजन जास्त भरलं, मैत्रिणीने तीन स्वेटर एकावर एक चढवले आणि मला म्हणाली कोट घाल, सुटशील. मी उकडेल म्हणून सांगितलं आणि विमानतळभर तो हातावर घेऊन फिरले. अनोळखी बायकांचे कपडे बिनधास्त घालणारी मी, पण तो मला घालवेना. घरी आल्यावरही तो किती दिवस तसाच हँगरला होता. पोरीने घालायला घेतला की मी काही ना काही कारण काढून थांबवायचे. त्याची घडी तू मोडशील असं मी धरून चालले होते, आई. तुझी वाट बघत होते.