तवंदीच्या घाटात हात सोडून

अण्णा,

सरांनी मला फुटबॉलच्या टीममधून काढलं, त्या दिवसाबद्दल आपण नंतर कधी बोललोच नाही. मी नववीत होते. "पळतीस लई, पण बॉलपाशी गेलीस की पडतीस," एवढंच सर म्हणाले. मी घरी येऊन बूट कोपऱ्यात भिरकावले. आई म्हणाली, बरं झालं, गुडघे फुटायचे तरी थांबतील. तुम्ही नुकतेच बसवरच्या ड्यूटीवरून आला होतात, कंडक्टरच्या खाकी शर्टाची बटणं सोडत ऐकत होतात. सरांना बोल लावला नाही, मला समजावलंही नाही. "रविवारी माझ्यासंगं गाडीवर चल," म्हणालात.

निपाणीहून बेळगावला जाणारी गाडी. माणसं दारापर्यंत उभी आहेत. "मुंद होग्री, पुढं सरका," असं कानडी-मराठी एका दमात ओरडत तुम्ही कशालाही न धरता गर्दीतून तिकिटं फाडत येताय. तवंदीचा घाट सुरू होतो आणि तुम्ही मला सीटवरून उठवता.

"दांडा सोड."

"पडीन की, अण्णा."

"पड. माणसं हाइत धरायला."

पहिल्याच वळणाला मी एका म्हातारीच्या मांडीवर, तिच्या मेथीच्या पेंढ्यांसकट. "काय रं कंडक्टर, पोटच्या पोरीला पाडतोस व्हय?" ती ओरडली. गाडी हसली. माझे कान तापले. तुम्ही मात्र शांत. "गुडघं ताठ धरतीस, म्हणून पडतीस. जरा ढिलं सोड. आन् पुढच्या काचंतनं बघत ऱ्हा. वळण दिसलं की अंग झुकव, धक्का बसायची वाट बघू नको."

घाट उतरेपर्यंत मी उभी राहायला लागले होते. आता जमलं, असं मनात म्हणतेय तोच संकेश्वरच्या स्टँडवर ब्रेक लागला आणि मी थेट तुमच्या पाठीवर. तेव्हा तुम्ही जे बोललात, ते मला तेव्हा अर्धंच कळलं. "गाडी सारखी पळत न्हाय गं. हळू हुती, थांबती, परत पळती. तू मैदानावर कवा हळू हुतीस सांग बघू?"

हळू होणं हाही खेळच असतो, हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

पुढं मीच सरांकडे गेले, पुन्हा एकदा बघा म्हणाले. बेळगावच्या एका शाळेबरोबर मॅच होती, सरांनी मला उत्तरार्धात उतरवलं. त्यांची एक उंच, दांडगी पोरगी माझ्यावर चालून आली. एरवी मी अजून जोरात पळाले असते. मी बॉलवर पाय ठेवून थांबले. ती तशीच पुढं निघून गेली. मी डावीकडे पास दिला, मैत्रिणीनं गोल केला. संध्याकाळी तुम्ही मला स्वयंपाकघरात ते सगळं करून दाखवायला लावलंत, स्वतः ती दांडगी पोरगी झालात आणि आईच्या पिठाच्या डब्यावर जाऊन आपटलात. पिठानं पांढरे झालेले तुम्ही, आणि पदर तोंडाला लावून हसणारी आई.

मी कॉलेजला गेले त्याच वर्षी तुम्ही गेलात. युनिव्हर्सिटीकडून खेळले, ते तुम्ही बघितलं नाही. आता उचगावच्या पोरींना मी शिकवते. काल त्यांतल्या एकीला म्हटलं, पळू नको, बॉल घेऊन नुसती चाल. मैदानाला एक फेरी मारून आली नि म्हणाली, "मॅडम, हळू झालं की सगळं दिसतंय की हो!" मला तुम्हाला हाक मारावीशी वाटली. म्हणून हे लिहायला बसले. पाठवणार कुठं?

आणखी एक. गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणतात, शिकवा, पण खेळू नका. शनिवारी आमची जुन्या खेळाडूंची मॅच आहे. मी नाव दिलंय. घरात अजून कुणाला बोलले नाही.