रविवार बाधतो

५ डिसें. १९५५, सोम. कारंजा
पुन्हा तेच. काल सुटी, बाजार, न्हाणं, सगळं छान. आज भोंगा होऊन थोडा वेळ जातो न जातो तोच मंजीची छाती भरली, खोकला सुटला. सरकी काढायच्या रेच्यात कापूस घालता घालता धाकटी बहीण माझी खालीच बसली. वय सतरा, कापसाच्या जिनातला हा चौथा हंगाम. मुकादम गुळाचा खडा देऊन मोकळा. गुळानं कापसाची धूळ पोटात उतरते म्हणे. मग माझ्या पोटात एव्हाना गादी भरली असेल.

९ डिसें., शुक्र.
अंधारात गेलो, दिवे लागल्यावर सुटलो. पण मंजी गुणगुणत घरी आली! सोमवारीच दुखणं, मग रोज थोडी मोकळी होत जाते. बाबा म्हणाले, "सुटीच बाधते पोरीले. बसलं का आंग आखडते."

११ डिसें., रवि.
मंजीला आजही कामावर नेलं. वैशाखात तिचं लग्न करायचं घाटतंय. कामरगावच्या सोयऱ्यांनी तो खोकला ऐकला तर संपलंच. त्यांचं किराणा दुकान आहे, सुनेला जिनात धाडणार नाहीत. सुटेल पोर. मुकादम तर काय खूश! "काहून नाही? दर रविवारी आन तिले."
मेल्याला दिवाळीच.

१२ डिसें., सोम.
खोकला नाही. बाबांचंच खरं. जीव भांड्यात पडला.

१ जाने., रवि.
नवं साल, तिला काम. सोयरे परवा येऊन गेले, पसंत आहे. पोलकं मात्र अंगावर लोंबतं. विहिरीवरून येताना घागर दोनदा खाली टेकवली. विचारलं तर, "काही नाही वं, ताई." मला का कोण जाणे, भीती वाटते. खोकला तर नाही ना, मग

१६ जाने., सोम.
संक्रांत धरून जीन दोन दिवस बंद होतं. आज मंजीचे ओठ निळे पडले. श्वास घेताना खांदे उचलत होती. मुकादम सगळ्यांपुढे म्हणाला, "पाह्यलं? दोन दिस बसली नं! आता हंगाम सरेलोक सुटी नाही इले." मीही मान हलवली. सकाळपासून माझ्याही छातीवर पाटा ठेवल्यासारखं झालंय, ते कुणाला बोलले नाही.
येताना वाटेत ती थांबत थांबत चालत होती. म्हणाली, "ताई, ते लोक मले जिनात धाडनार नाहीत म्हन्ते. मंग तिथं मले श्वास कसा येईन वं?"
मी तिचा हात धरला. म्हटलं, चल हळूहळू.