कानेलची अंडी

चिरंजीव येल्मर यांस,

वर्कुमहून वीब्रनचे अनेक आशीर्वाद. (हात सवयीनं ‘जावईबापू’ लिहायला निघाला होता, त्याला आवरलं. कोर्टाचा कागद झाल्यापासून तुम्हाला काय म्हणायचं हे कुणी मला सांगितलेलं नाही. माणसं वेगळी होतात तेव्हा घर कुणाचं, मोटार कुणाची हे नीट ठरवतात. सासरा कुणाकडे राहील हे ठरवायचं राहूनच जातं.) तुमची प्रकृती चांगली असेल असं धरून चालतो. चौथ्या मजल्यावर वारा फार लागतो म्हणतात, तेव्हा कान झाकत जा. माझं विचाराल तर गुडघा सोडून सगळं जागच्या जागी आहे. होडी मात्र तुम्ही गेल्यापासून अंगणात पालथी पडली आहे. एकट्यानं वाम धरायला जाण्यात काही अर्थ नाही. मासा सुटला तर शिव्या घालायच्या कुणाला?

पत्र लिहायला कारण तुमचा ड्रॉप. तो सुखरूप आहे, हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं स्वस्थपणे वाचाल. घरमालक जनावर ठेवू देत नाही म्हणून तुम्ही त्याला माझ्याकडे सोडून गेलात आणि हिस्के कानेलला मांडीवर घेऊन माहेरी आली. म्हणजे नवरा-बायको वेगळे झाले आणि त्यांचे दोन साप माझ्या मागच्या खोलीत दोन काचेच्या पेट्यांतून शेजारी शेजारी राहायला आले. जाताना तुम्ही बजावलं होतंत, की नर आणि मादी आहेत, कोवळी आहेत, एका पेटीत ठेवू नका. मी मान हलवली होती. (मान हलवणं ही माझी जन्माची खोड. कालव्यावरचा पूल उघडायच्या नोकरीत असताना येणाऱ्या प्रत्येक होडीला मी मान हलवायचो. तिचा अर्थ कुणी विचारला नाही.)

तर जानेवारीत कालवा गोठला त्या आठवड्यात ड्रॉपच्या पेटीखालची तापायची गादी बंद पडली. हात लावून पाहिला तर काच गार आणि ड्रॉप ओल्या दोरीसारखा निपचित. नवी गादी यायला अवकाश होता. मी त्याला उचलला आणि कानेलच्या पेटीत ठेवला. जेमतेम साल उलटलेली पोरं, त्यांना कसलं काय कळतंय, असं मला वाटलं. मग पाहतो तर दोघं एकमेकांभोवती वेटोळं घालून झोपलेली. काळं कुठं संपतं आणि नारिंगी कुठं सुरू होतं ते सांगता येऊ नये. माझी ट्रिंचे गेल्यापासून या घरात कुणी कुणाच्या शेजारी झोपलेलं मी पाहिलं नव्हतं. तुमच्या सासूबाई असत्या तर त्यांनी दोघांवर पांघरूण घातलं असतं, आणि मग किंचाळल्या असत्या.

नवी गादी आली, पण ती खोक्यातच राहिली. त्याचंही कारण आहे. माहेरी आल्यापासून हिस्के ताट घेऊन आपल्या खोलीत जायची आणि ताट जवळजवळ तसंच परत यायचं. ही दोघं एकत्र आल्यावर ती काचेसमोर खुर्ची ओढून बसायला लागली, आणि बसल्या बसल्या बटाटे संपवायला लागली. “बाबा, यांना वेगळं करायला हवं,” असं एकदोनदा म्हणालीही. पण ती उठली नाही. मीही उठलो नाही.

वसंतात कानेल जाड झाली. मला वाटलं उंदीर जास्त होताहेत, म्हणून मी तिचं खाणं कमी केलं. (हसलात तर चालेल. मीही कधीतरी हसेन.) आणि मे महिन्यात एका सकाळी पाण्याच्या भांड्यामागे, शेवाळात, पांढरी लांबोडी अंडी दिसली. मी तिथंच खुर्चीत बसलो. तुमची दोघांची ती सगळी वर्षं डोळ्यांपुढून गेली. ते दवाखाने, त्या सुया, आणि ठरल्या दिवशी न येणारा तुमचा फोन. फोन आला नाही की आम्ही म्हातारा-म्हातारी काय ते समजायचो आणि त्या दिवशी एकमेकांशी हवापाण्याचं बोलायचो. आणि इथं दोन अडाणी जिवांनी, कुणी न मागता, माझ्या नाकाखाली हे करून ठेवलं होतं. हे हिस्केच्या दृष्टीस पडता कामा नये, एवढंच मला सुचलं. मी अंडी एकेक उचलून फडक्यानं पुसली, चारी बाजूंनी पाहिली आणि टोस्टच्या डब्यात लपवून डबा बॉयलरवर ठेवला. न्याहारीला आमच्याकडे टोस्ट लागतात, हे मला त्या क्षणी आठवलं नाही.

न्याहारीला हिस्केनंच तो डबा उघडला.

“कानेलची?” तिनं विचारलं.

मी म्हटलं, “हो. आणि ड्रॉपची. जानेवारीत गादी बिघडली होती ना, त्यामुळं.”

“आमचीसुद्धा गादी तेव्हा कुणीतरी बिघडवायला हवी होती, बाबा,” ती म्हणाली आणि हसायला लागली. येल्मर, इतक्या दिवसांनी ती हसली आणि मला कळेना, की आपणही हसावं का. तोवर ते हसू दुसरंच काहीतरी झालं होतं. ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसली. मीही तिच्याशेजारी बसलो. गुडघ्यामुळे मला पुन्हा उठता येईना, तेव्हा तिलाच डोळे पुसून मला उठवावं लागलं. हे आमच्या दोघांच्या पथ्यावर पडलं.

उठल्यावर तिनं पहिलं विचारलं ते हे, की पुसताना अंडी फिरवली का. मी म्हटलं, कोंबडी फिरवते की. “ही कोंबडी नाही, बाबा. सापाचं अंडं फिरवलं तर आतला जीव बुडतो.” लगेच तिनं खोक्यातली नवी गादी काढली, दमट भुशात अंडी मांडली, डब्याला भोकं पाडली.

पण कानेलची सगळी अंडी बाहेर आली नव्हती. तिच्या पोटात शेपटाकडे दोन गाठी तशाच दिसत होत्या. आम्ही तिला बोल्सवर्डच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी वय विचारलं, वजन केलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “दोघांना एकत्र कुणी ठेवलं?” मी सांगितलं, मीच. म्हटलं, मला वाटलं शाळकरी पोरं आहेत. “त्यांना शाळा नसते, आजोबा,” बाई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, आणि तेच वाईट होतं. त्यांनी सुई देऊन पाहिली, वाट पाहिली, शेवटी पोट उघडलं. त्यातून ती उठली नाही.

परतताना हिस्केनं पेटी मांडीवर घेतली, वरून पट्टा लावला आणि मला गाडी हळू चालवायला सांगितलं. आता हळू कशाला, हे मी विचारलं नाही. “तिचं वय नव्हतं, बाबा,” एवढंच ती म्हणाली. मला चार शब्द बोलली असती तर मी निवांत झालो असतो. प्लमच्या झाडाखाली खड्डा मी खणायला घेतला, पण तिनं माझ्या हातून फावडं काढून घेतलं.

बहुतेक अंडी पिवळी पडली, चेपली, बुरशीनं गेली. (मीच पुसलेली.) हिस्के ती रोज चिमट्यानं एकेक बाजूला काढायची. तीन मात्र टिकली. ऑगस्टमध्ये एका अंड्याला चीर पडली आणि तिच्यातून तांदळाएवढं नाक बाहेर आलं. हिस्केनं बेकरीत फोन करून सांगितलं, आज येत नाही, घरी अंडी फुटताहेत. तिच्या मालकाला वाटलं आमचं नुकसान झालं. त्या भल्या माणसानं संध्याकाळी ताजी अंडी पाठवून दिली.

त्या दिवशी तिनं कपाटाच्या मागून बडीशेपेच्या साखरगोळ्यांचं पाकीट काढलं. बाळ झालं की टोस्टवर घालतात ती ‘उंदरं’, गुलाबीही आणि निळीही. पाकिटावरची तारीख कधीच उलटून गेली होती. तिनं ते कधी घेऊन ठेवलं असेल ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. “सापांच्या घरी उंदरं हवीतच,” ती म्हणाली. आम्ही दोघांनी ते टोस्ट खाल्ले. साखर शिळी झाली होती. मी दोन खाल्ले.

आता तिन्ही पिलांना तिनं तीन वेगळे डबे केले आहेत. ड्रॉप पुन्हा आपल्या पेटीत आहे. या घरात आता कुणीच कुणासोबत राहत नाही, तेव्हा ती काळजी नको.

तुमची बातमी बाजारात कळली. हिस्केलाही तिथंच कळली. घरी येऊन तिनं हात धुतले, पिलांना खाऊ घातलं आणि मला म्हणाली, “येल्मर बाप होणार आहे. छान होईल तो.” मलाही तसंच वाटतं. त्या बाईंना माझा नमस्कार सांगा, सांगण्यासारखं असेल तर.

तुमचा (पुढचा शब्द तुम्हीच घाला)
वीब्रन

ता. क. : ड्रॉपसाठी येण्याची घाई नाही, ते नुसतं निमित्त होतं. खरं काम वेगळं आहे. माझ्या शेडमध्ये मागच्या भिंतीशी, पोत्याखाली, एक ओकचा पाळणा आहे. तुमच्या लग्नाच्या वर्षी केला होता. कुणाला दाखवला नाही. मग दाखवण्यासारखे दिवसच आले नाहीत. विकवत नाही, जाळवत नाही, आणि तो हिस्केला दिसू नये म्हणून मी शेडला कुलूप लावून बसतो. मी तो तुमच्या मुलासाठी केला होता. अर्धं तरी खरं होऊ दे. गाडी घेऊन <s>बुधवारी</s> शनिवारी या. बुधवारी हिस्के संध्याकाळपर्यंत बेकरीत असते. शनिवारी मुळीच नको, त्या दिवशी ती घरी असते.

ता. क. दुसरा : पत्र टेबलावर ठेवून मी तिकीट आणायला गेलो होतो. वर ‘बुधवारी’ खोडून ‘शनिवारी’ केलंय, ते माझं नाही. अक्षर तुम्ही ओळखालच.